नवं स्टेडियम परकं का वाटतं, आणि किती दिवस वाटणार?

तुमचा प्रश्न मला जसा कळला तसा आधी मांडतो. तुम्ही लिव्हरपूल शहरातल्या एव्हर्टन या फुटबॉल क्लबचे जुने सीझन तिकीटधारक. गुडिसन पार्क या जुन्या मैदानात ग्लॅडिस स्ट्रीटच्या बाजूला ठरलेल्या चार मित्रांबरोबर वर्षानुवर्षं सामने पाहिलेत. क्लब नदीकाठी ब्रॅमली-मूर डॉकवरच्या हिल डिकिन्सन स्टेडियमात गेल्यापासून तक्रारीला तशी जागा नाही. खांब आड येत नाहीत, मध्यंतर रांगेत संपत नाही. तरी सामना आटोपून निघताना दुसऱ्या कुणाच्या घरी जाऊन आल्यासारखं वाटतं. आवाज कमी वाटतो, शेजारी अनोळखी आहेत. गुडिसनवर महिला संघाचा सामना बघायला गेलात, तर बरं वाटण्याऐवजी जास्तच कालवाकालव झाली. हे किती काळ चालणार, दोष वास्तूचा की तुमचा, आणि सीझन तिकीट पुढे चालू ठेवावं का, असं तुम्ही विचारलंय.

मी स्टेडियममधली बैठकव्यवस्था आणि गर्दीचं नियोजन या कामात आहे. क्लब जुनं मैदान सोडतो तेव्हा कोणत्या तिकीटधारकाला नव्या जागी कुठे बसवायचं, लोक कुठून येतील, कुठे तुंबतील हे ठरवणाऱ्यांपैकी एक. त्यामुळे माझं उत्तर त्या अंगाने येणार. माझं मत आधीच सांगून टाकतो: तुम्ही ज्याला स्टेडियमची उणीव म्हणताय, तिचा मोठा भाग शेजाऱ्यांची उणीव आहे. आणि ती वास्तूपेक्षा लवकर भरून काढता येते.

किती काळ, याला एक आकडा नाही. क्लबागणिक फार फरक पडतो. किती लांब गेलात, नवी वास्तू फुटबॉलसाठीच बांधली होती का, आणि जाण्याआधी तुमचे काय हाल होते, यावर बरंच अवलंबून असतं. टॉटनहॅमने जुन्या व्हाइट हार्ट लेनच्या जागेवरच नवं स्टेडियम बांधलं. मधे जवळपास दोन हंगाम वेम्बलीत काढून एप्रिल २०१९ मध्ये ते परतले, तेव्हा पब तेच, रस्ता तोच, फक्त आतलं बदललेलं. ब्रायटनचं उदाहरण तर उलट्या टोकाचं. १९९७ मध्ये त्यांचं गोल्डस्टोन मैदान विकलं गेलं, दोन हंगाम ‘घरचे’ सामने शंभर किलोमीटरहून लांब गिलिंगहॅमला, मग २०११ पर्यंत विथडीन नावाच्या अ‍ॅथलेटिक्सच्या मैदानावर, धावपट्टीपलीकडून. २०११ मध्ये अ‍ॅमेक्स उघडलं तेव्हा रुळायला किती वेळ लागेल हा प्रश्नच कुणाला पडला नाही. योगायोग असा की गोल्डस्टोनवरचा शेवटचा सामना आणि अ‍ॅमेक्सवरचा पहिला लीग सामना, दोन्हींत समोर डॉनकॅस्टरच होतं.

आणि मग वेस्ट हॅम. २०१६ मध्ये बोलिन ग्राउंड सोडून ते २०१२ च्या ऑलिंपिकसाठी बांधलेल्या स्टेडियमात गेले. धावपट्टीमुळे प्रेक्षक मैदानापासून लांब. त्यात जुन्या जागी जे लोक सामनाभर उभे राहायचे आणि जे बसून बघायचे, ते नव्या जागी एकाच विभागात आले. पहिल्या काही आठवड्यांत घरच्याच पाठीराख्यांची आपसात भांडणं झाली. मार्च २०१८ मध्ये बर्नलीकडून ०-३ हरताना लोक मैदानात उतरले आणि संचालकांच्या कक्षासमोर जमून ओरडले. खेळ वाईट होता हे खरं, पण तो राग नुसता तीन गोलांचा नव्हता. त्याच वास्तूत १७ मार्च २०२२ च्या रात्री युरोपा लीगमध्ये सेव्हिया समोर होतं. पहिल्या लढतीतली एका गोलाची पिछाडी भरून काढली आणि जादा वेळेत यार्मोलेंकोने विजयी गोल केला. त्या रात्री तिथे असलेल्या कुणालाही विचारा, धावपट्टी आठवते का. म्हणजे सगळ्यात अडचणीच्या वास्तूतसुद्धा सहा वर्षांत एक रात्र आली, जी फक्त त्या वास्तूची होती.

तुलनेसाठी मँचेस्टर सिटी बघा. त्यांचंही स्टेडियम आधी अ‍ॅथलेटिक्ससाठीच वापरलं गेलं, २००२ च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी. पण २००३ मध्ये राहायला जाण्यापूर्वी धावपट्टी काढली, जमीन खाली खोदली आणि तिथे खालचा आणखी एक टप्पा बसवला. माझ्या धंद्यात हा पैसा सर्वांत सत्कारणी लागलेल्या पैशांपैकी मानला जातो.

एव्हर्टन या सगळ्यात मधे कुठेतरी बसतं. १८९२ पासूनचं मैदान सोडलं, पण त्याच शहरात, साधारण तीन किलोमीटरवर. वास्तू फुटबॉलसाठीच बांधलेली. दक्षिणेकडे गोलमागे सुमारे १३ हजारांचा एकसंध, चढा स्टँड आहे. म्हणजे वेस्ट हॅमसारखं दुखणं नाही. ब्रायटनसारखी सुटकेची भावनाही मिळणार नाही, कारण तुम्हाला गुडिसनवरून कुणी हुसकावलं नव्हतं. जे आवडत होतं ते सोडून तुम्ही आलात. अशा लोकांना रुळायला वेळ लागतो हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय, आणि त्यात काही चुकीचं नाही.

आता आवाजाबद्दल. नव्या स्टेडियमात प्रत्येकाला समोरच्याच्या डोक्यावरून मैदान दिसायला हवं. आम्ही ते मिलिमीटरमध्ये मोजतो: तुमची नजर पुढच्याच्या डोक्यावरून किती वरून जाते. साठ म्हणजे चालवून घेण्यासारखं, नव्वद चांगलं, एकशेवीस उत्तम. हा आकडा वाढवायचा तर प्रत्येक रांग उंच करावी लागते. शिवाय पाय ठेवायला जागा हवी, म्हणून रांगेची खोली समजा सत्तर सेंटिमीटरवरून ऐंशीवर नेली. चाळीस रांगांचा हिशेब केला तर शेवटचा माणूस चार मीटर मागे गेला. त्याच्या डोक्यावर छत हवं, ते उंच आणि लांब झालं. गुडिसनवर छत खाली होतं, लाकूड आणि पत्रा जवळ होता, तुमचा आवाज लगेच तुमच्याच अंगावर परत येत होता. म्हणजे ज्या गोष्टींनी दिसणं सुधारतं, त्याच गोष्टींनी आवाजाला जास्त प्रवास करावा लागतो. चढ वाढवत नेऊन हे काही अंशी सावरतात. ब्रिटनमधल्या सुरक्षेच्या मार्गदर्शक नियमांनुसार तो चढ एका ठरावीक मर्यादेपर्यंतच नेता येतो, आणि तुमचा दक्षिण स्टँड त्या मर्यादेच्या आसपासच आहे. आराखडा करणाऱ्यांनी हातात होतं ते केलंय.

आणखी एक गोष्ट आहे, जी लोकांच्या फारशी लक्षात येत नाही. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. एका गोलमागच्या वरच्या रांगेपासून समोरच्या गोलमागच्या वरच्या रांगेपर्यंत दीडशे-दोनशे मीटर धरा. म्हणजे तिकडचं गाणं तुमच्यापर्यंत अर्धा सेकंद उशिरा पोचतं. दोन टोकं एकाच वेळी ठेक्यात गाऊच शकत नाहीत. गाणं नेहमी एका ठिकाणी पेटतं आणि शेजारच्या विभागात पसरतं. तुम्ही जे ऐकता, ते स्टेडियम नसतं. तुमच्या भोवतीच्या दहा-वीस रांगा असतात. त्या गप्प असतील, तर पन्नास हजार लोक ओरडत असले तरी तुम्हाला शांतच वाटणार, आणि घरी टीव्हीवर बघणारा म्हणणार, काय दणका होता!

मग त्या दहा-वीस रांगांत कोण आहे? गुडिसनवर ३९ हजारांच्या वर माणसं मावायची, नव्या जागी ५२,७६९. भरलेल्या सामन्याला साधारण दर चौथा माणूस असा, ज्याला जुन्या मैदानात जागाच नव्हती. त्यातले बरेच वर्षानुवर्षं प्रतीक्षायादीत ताटकळलेले पक्के एव्हर्टनवालेच आहेत, त्यांना उपरे समजू नका. पण त्यांना कुठलं गाणं कधी सुरू होतं, पंचाला कोणत्या क्षणी शिव्या द्यायच्या, हे शेजाऱ्याकडून शिकायला मिळालेलं नाही. कारण त्यांचा शेजारीही नवाच आहे.

इथे आमच्या कामाची मर्यादा सांगायला हवी. जागावाटप करताना संगणकाकडे काय असतं? ग्राहक क्रमांक, किती वर्षं सीझन तिकीट आहे, कोणत्या दराचं आहे, आणि ‘आम्हाला एकत्र बसवा’ असं ज्यांनी सांगितलं त्यांची यादी. ज्येष्ठतेनुसार जागा निवडायच्या वेळा दिल्या जातात. पाच जणांत एकाचं तिकीट उशिरा घेतलेलं असेल तर त्याची पाळी नंतर येते, तोवर शेजारची जागा गेलेली असते. जुन्या स्वस्त कोपऱ्याशी दराने जुळणारा कोपरा नव्या जागी भलत्याच बाजूला असतो. एक मित्र मुलांना घेऊन कुटुंबांसाठीच्या विभागात जातो, एकाला नवा दर झेपत नाही. झालं, पाचाचे दोन उरले.

हे तरी नोंदीत दिसतं. न दिसणारी नाती खरी महत्त्वाची. पुढच्या रांगेतला तो माणूस, ज्याचं टक्कल तुम्ही पंधरा वर्षं पाहिलंत आणि नाव कधी विचारलं नाहीत. गोल झाला की मागून वळून मिठी मारणाऱ्या बाई. दर सामन्याला ‘आज तीन खाणार’ म्हणणारा म्हातारा. ‘या माणसाशेजारी बसवा’ असा अर्ज तुम्ही करू शकत नव्हता, कारण त्याचं नावच माहीत नव्हतं. गुडिसन तुम्हाला गुडिसन वाटायचं ते या लोकांमुळे, आणि स्थलांतराच्या कोणत्याही यादीत ते नव्हते. भजनातले टाळकरी मांडवभर विखरून बसवले तर टाळ तेच असतात, पण ठेका धरत नाही. तसंच हे.

तुमच्या आठवणीतल्या आवाजाबद्दलही एक प्रश्न विचारतो, रागावू नका. तो कोणत्या सामन्यांचा आहे? माझा अंदाज: मे २०२२ ची क्रिस्टल पॅलेसविरुद्धची रात्र, ०-२ वरून ३-२. आणि पुढच्या वर्षीचा बोर्नमथविरुद्धचा शेवटचा दिवस, डुकूरेचा गोल. खेळाडूंची बस येताना रस्ते धुराने निळे झालेले. तो भीतीचा आवाज होता. हरलो तर खालच्या लीगमध्ये घसरू शकतो, हे प्रत्येकाला माहीत होतं. त्याच मैदानावर नोव्हेंबरातल्या एखाद्या दुपारी ०-० चालू असताना काय शांतता असायची, हेही आठवून बघा. नव्या जागी संघ तालिकेत मधे कुठेतरी सुरक्षित असेल, तर लोक गप्प असण्यात स्टेडियमचा काय दोष? आर्सेनलचं हायबरी लोकांनी डोक्यावर घेतलं ते सोडल्यावर. चालू असताना त्याला बाकीचे लोक ‘लायब्ररी’ म्हणून चिडवायचे.

आर्सेनलचंच उदाहरण पुढे नेतो. २००६ मध्ये ते साठ हजारांच्या एमिरेट्समध्ये गेले. सुरुवातीची वर्षं थंड गेली. मग क्लबने जुन्या खुणा आणायला घेतल्या. भिंतींवर जुने खेळाडू आले, एका टोकाला ‘क्लॉक एंड’ हे जुनं नाव आणि घड्याळ आलं, २०११ मध्ये बाहेर पुतळे उभे राहिले. चांगलं केलं, पण आवाज त्याने बदलला नाही. तो बदलला २०२१-२२ च्या सुमारास, जेव्हा लोकांना आवडेल असा तरुण संघ आला आणि गोलमागे गाणाऱ्यांचा एक गट एकत्र बसू लागला. दहा वर्षं पुतळ्यांनी जे झालं नाही, ते थोड्या माणसांनी सुरू केलं. म्हणून जुन्या मैदानाच्या विटा, फाटकं, घड्याळं इकडे आणा असं कुणी म्हणालं की मी फार उत्साह दाखवत नाही. गुडिसनचे स्टँड आखणाऱ्या आर्चिबाल्ड लीच या वास्तुरचनाकाराची जाळीदार नक्षी तुमच्या नव्या वास्तूच्या विटकामात उतरवली आहे. सुंदर आहे, पण पहिल्या दिवशी फोटो काढल्यानंतर तुम्ही ती किती वेळा पाहिलीत?

जुनी वस्तू तेव्हाच उपयोगी पडते जेव्हा तिच्याशी काही करायचं असतं. बिल्बाओच्या अ‍ॅथलेटिक क्लबने २०१३ मध्ये नव्या सान मामेस स्टेडियममध्ये जाताना आपला जुना गाजलेला गोल करणारा खेळाडू पिचिची याचा अर्धपुतळा नेला. तिथे पहिल्यांदा खेळायला येणाऱ्या संघाचा कर्णधार त्याच्यापुढे फुलं ठेवतो. प्रथा चालू राहिली, म्हणून पुतळा जिवंत आहे. संडरलंडने आणखी वेगळं केलं. नवं स्टेडियम बंद पडलेल्या कोळसा खाणीच्या जागेवर होतं, तर त्यांनी खाणकामगारांचा दिवा उभा केला. जुन्या रोकर पार्कची आठवण न उगाळता नव्या जमिनीचीच आठवण घेतली. तुमची गोदी १८४८ ची आहे. तिला स्वतःची गोष्ट आहे, तिला गुडिसनचे कपडे घालायची गरज नाही. (ती गोष्ट अगदी गोड नाही. २०२१ मध्ये लिव्हरपूलचा जागतिक वारसा दर्जा गेला, त्यात या स्टेडियमच्या आराखड्याचाही वाटा होता.)

आता करायचं काय? मी सांगतोय ते दिसायला क्षुल्लक आहे. पहिलं म्हणजे येण्याचा रस्ता ठरवा. गुडिसनला घरांच्या ओळींतून चालत जाताना सामना दोन तास आधीच सुरू व्हायचा. आता तुम्ही सँडहिल्स स्टेशनवरच्या गर्दीत उतरता आणि थेट फाटकाशी येता. चौघांना एक ठरलेली जागा आणि वेळ द्या, मग ते वेगवेगळ्या स्टँडमध्ये बसत असले तरी चालेल. सामना संपल्यावर रांग ओसरेपर्यंत तिथेच भेटा. नाहीतरी तो वेळ रांगेतच जाणार आहे.

दुसरं, जागेवर लवकर बसा. नव्या स्टेडियमांत स्टँडखाली खाण्यापिण्याची ऐसपैस जागा असते. १९८५ च्या कायद्यामुळे इंग्लंडमध्ये मैदान दिसेल अशा ठिकाणी सामन्यावेळी दारू पिता येत नाही, त्यामुळे लोक शेवटच्या मिनिटापर्यंत खालीच रेंगाळतात. गुडिसनवर खाली उभं राहायलाच जागा नव्हती, म्हणून सगळे वर येऊन एकमेकांशी बोलत. ती वीस मिनिटं तुम्ही गमावलीत, आणि शेजारी ओळखीचे होतात ते नेमके त्याच वेळात. या वेळी नावंही विचारून ठेवा.

तिसरं, क्लबकडे नेमकं मागा. प्रीमियर लीगच्या क्लबांना आता चाहत्यांचं सल्लागार मंडळ ठेवावं लागतं. ‘वातावरण सुधारा’ असं लिहून काही होत नाही. असं लिहा: सामना सुरू होण्याआधीची शेवटची दहा मिनिटं ध्वनिक्षेपक बंद ठेवा. मोठ्या आवाजात संगीत वाजत असताना गाणं सुरू करायची कुणाची हिंमत होत नाही, आणि ते थांबल्यावर सुरू करायला वेळ उरत नाही. हा बदल फुकट आहे. दुसरी मागणी: गटाने जागा बदलायची वेगळी मुदत द्या, एकेकट्या अर्जांच्या आधी.

तुम्हाला स्वतःला उभं राहून गायचं असेल, तर दक्षिण स्टँडमध्ये जा. २०२२-२३ पासून इंग्लंडमध्ये क्लबकडे परवाना असेल तर समोर कठडा असलेल्या आसनांपाशी उभं राहता येतं, तिथे कुणी ‘खाली बसा’ म्हणणार नाही. बसून बघायचं असेल, तर मात्र गाणाऱ्यांमध्ये जागा अडवू नका. दोघांचेही हाल होतात, वेस्ट हॅमच्या पहिल्या हंगामात तेच झालं.

गुडिसनवरच्या महिलांच्या सामन्यांबद्दल: जात असाल तर जरूर जा, पण ग्लॅडिस स्ट्रीटमधल्या जुन्या जागेवर बसू नका. मैदानाच्या दुसऱ्या बाजूला बसा आणि तो संघ बघा. जुन्या खुर्चीत बसलात की तुम्ही सामना बघत नाही, रिकाम्या जागा मोजता.

राहिलं सीझन तिकीट. पैशाची ओढाताण होत असेल तर तो वेगळा हिशेब, त्यात मी पडत नाही. पण फक्त रमत नाही म्हणून पहिल्या हंगामानंतर सोडू नका, कारण मागे प्रतीक्षायादी आहे आणि परत यायचं तर तिच्या शेपटाला उभं राहावं लागेल. नूतनीकरणाच्या वेळी क्लब सहसा जागा बदलायची संधी देतात. त्याआधी चौघांना एकत्र गाठा आणि ठरवा की कोण थोडी वाईट जागा घ्यायला तयार आहे. दृश्य जरा कमी चांगलं चालेल, मग ते कोपऱ्यातलं असो की वरच्या रांगेतलं, पण सलग जागा मिळाल्या पाहिजेत. अर्ज एकच करा आणि त्यात पाचही ग्राहक क्रमांक द्या. प्रत्येकाने आपापला भरलात, तर संगणक तुम्हाला पुन्हा पाच दिशांना पाठवेल.